पाच व्होल्टांचा निरोप आणि चोवीस व्होल्टांचा कान

जऊळक्यावरून जाणारा अकोला–पूर्णा लोहमार्ग 2008 साली रुंद होईपर्यंत मीटर गेजचा होता. अकोल्याहून जाणारा मुंबई–नागपूर मार्ग मात्र ब्रॉड गेजचा. एकाची रुंदी 1 मीटर, दुसऱ्याची 1.676 मीटर. दोन्ही मार्ग आपापल्या जागी उत्तम. पण एकाचा डबा दुसऱ्यावर जात नसे, माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. आजच्या विषयातली अडचण याच जातीची आहे, फक्त तिथे माल दिसत नाही.

कारखान्यातली मोटर आता नुसती फिरत नाही, किती फिरली याचा हिशेबही देते. हा हिशेबनीस म्हणजे एन्कोडर. मोटरीच्या दांड्यावर एक चकती बसविलेली असते. तिच्यावर बारीक रेघा, एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा डोळा. रेघा 1024 असल्या तर एका फेऱ्यात 1024 स्पंद निघतात. किंचित मागेपुढे असणाऱ्या दोन मालिकांवरून फिरण्याची दिशाही कळते. मोटरीला वीज पुरविणारा ड्राइव्ह हे स्पंद मोजतो आणि वेग कमीजास्त करतो.

स्पंद म्हणजे काय, तर तारेवर दाब आहे किंवा नाही. किती दाब, यावर मात्र एन्कोडरांची दोन घराणी झाली आहेत. एक पाच व्होल्टांचे. त्यात प्रत्येक संकेताबरोबर त्याचा उलटा संकेतही दुसऱ्या तारेवरून येतो आणि ग्राहक दोहोंतला फरक पाहतो, 0.2 व्होल्ट फरकही त्याला पुरतो. दुसरे घराणे 10 ते 30 व्होल्टांवर चालणारे. पॅनेलात बहुधा 24 असतात आणि स्पंदाची उंचीही जवळजवळ तेवढीच.

चोवीसचा संकेत पाच व्होल्टांच्या ग्राहकाला दिला तर तो जळण्याची भीती. उलट, चोवीस व्होल्टांचे नेहमीचे इनपुट 15 व्होल्टांच्या वर गेल्याशिवाय ‘आहे’ म्हणत नाही. त्याला पाचचा निरोप ऐकूच जात नाही. या चुका निदान ताबडतोब उघड होतात. खरा घात अर्धवट ऐकू येण्यात आहे. आज्ञा हजार फेऱ्यांची आणि परत आलेला हिशेब पाचशेचा असला, तर ड्राइव्ह बिचारा अधिकच जोर लावतो. त्या मोटरीवर ओझे उचलणारी क्रेन असेल तर खाली उभ्या माणसाच्या जिवाशी गाठ. संकेत तुटल्यास मोटर थांबविण्याची सोय पुष्कळ ड्राइव्हमध्ये असते, पण ती चालू केलेली आहे की नाही हे पाहावे लागते.

सर्वांत स्वस्त उपाय रोधाचा. इनपुटात प्रकाशजोड असेल आणि त्याला पाच व्होल्टांवर 10 मिलिअँपिअर लागत असतील, तर उरलेले 19 व्होल्ट रोधाने खावयाचे. 2000 ओहम घेतले की काम होते. त्यात सुमारे 0.18 वॅट उष्णता होते, म्हणून अर्ध्या वॅटचा रोध घ्यावा.

फरक पाहणाऱ्या ग्राहकाला मात्र दोन रोधांनी दाब वाटून देण्याची युक्ती जपूनच करावी. 38 आणि 10 हजार ओहमांनी चोवीसाचे बरोबर पाच होतात खरे. पण ही जोडी एन्कोडरापाशी बसविली आणि पुढे 50 मीटर केबल असली तर? मीटरला 100 पिकोफॅरड धरले तर केबल 5000 पिकोफॅरडची साठवण होते. ती भरावयास सुमारे 40 मायक्रोसेकंदांचा कालांक. मोटर मिनिटाला 1500 फेरे घेत असता सेकंदाला 25,600 स्पंद येतात, म्हणजे दाब चढण्यास अवघे 19.5 मायक्रोसेकंद. हाताने दांडा फिरवून मोजले तर सारे यथास्थित, पूर्ण वेगात मात्र स्पंद गिळले जातात! शिवाय ड्राइव्हच्या आत दोन तारांमध्ये 120 ओहमांचा रोध असला, तर ही वाटणी मुळातच कोलमडते.

पाच व्होल्टांचा पुरवठाही लांबवर नेणे सोपे नाही. 0.14 चौरस मिलिमीटर तांब्याची तार, जाऊन-येऊन 100 मीटर, म्हणजे साडेबारा ओहम. एन्कोडराने 100 मिलिअँपिअर ओढले की सव्वा व्होल्ट वाटेतच संपतो आणि एन्कोडरापाशी पावणेचारच उरतात.

म्हणून माझे मत असे, की विकत घेतानाच 10 ते 30 व्होल्टांवर चालणारा, पण संकेत पाच व्होल्टांच्या जोडतारांवर देणारा एन्कोडर मागावा. असे मिळतात. जुना एन्कोडर वापरणे भागच असेल तर दाब बदलणारे तयार परिवर्तक किंवा ड्राइव्हचे चोवीस व्होल्टांचे कार्ड घ्यावे. जोडणी झाल्यावर मोटर ओझ्यावाचून आधी संथ, मग पूर्ण वेगात चालवावी, आणि दोन्ही वेळी ड्राइव्ह दाखवितो तो वेग हातातल्या टॅकोमीटरशी ताडून पाहावा.