सोलमध्ये दोनच दिवस? कोरियाची परंपरा फोटोच्या पलीकडे अशी पाहा

कोरियन मालिका आणि गाण्यांमुळे आता आपल्या घरांतली मुलंही कोरियाला जायचं म्हणतात. कुणी कंपनीच्या कामाने जातं, कुणी सहलीसोबत. हाताशी मिळतात जेमतेम दोन दिवस. मग भाड्याचा पोशाख, राजवाड्यासमोर फोटो, बाजारात खाणं आणि परत, असा बेत ठरतो. त्यात वाईट काही नाही. पण समोर दिसतंय ते कुणी आणि कसं टिकवलं हे ठाऊक असेल, तर तेच दोन दिवस वेगळे वाटतात.

मोडलेला राजवाडा पुन्हा उभा राहिला

सुरुवात ग्योंगबोकगुंगपासून करा. १३९५ मध्ये बांधलेला हा राजवाडा १५९२ च्या जपानी आक्रमणाच्या वेळी जळाला आणि पावणेतीनशे वर्षं ओसाड पडून राहिला. १८६७ मध्ये तो पुन्हा उभारला. १९१० पासून १९४५ पर्यंत कोरियावर जपानची सत्ता होती. त्या काळात अनेक इमारती पाडल्या गेल्या आणि आवारातच राजवाडा झाकून टाकणारी सरकारी कचेरी बांधली गेली. ती कचेरी १९९५-९६ मध्ये पाडण्यात आली. म्हणजे आज दिसणारं बरंचसं बांधकाम नवं आहे. पण ते हट्टाने परत मिळवलेलं आहे.

दाराशी पहारा बदलण्याचा सोहळा सकाळी १० आणि दुपारी २ वाजता होतो. मंगळवारी हा राजवाडा बंद असतो. जवळचा चांगदोकगुंग सोमवारी बंद असतो. दोनच दिवस असतील तर वार आधी पाहून घ्या.

पोशाख घालताना

हानबोक घातला तर राजवाड्याचं तिकीट माफ. मात्र वरचा आणि खालचा असे दोन्ही भाग अंगावर हवेत. दुकानांत चकचकीत सोनेरी नक्षीचे, आत तारेचं कडं घालून फुगवलेले घागरे जास्त दिसतात. हे खरे हानबोक नव्हेत, अशी टीका कोरियातच होते. साधा, पारंपरिक नमुना मागितला तर बहुतेक ठिकाणी मिळतो.

बुकचोन : इथे माणसं राहतात

दोन राजवाड्यांच्या मधे बुकचोन ही कौलारू घरांची वस्ती आहे. अशा घराला हानोक म्हणतात. इथली बरीच घरं वाटतात तितकी जुनी नाहीत. १९२० आणि ३० च्या दशकांत चोंग से-ग्वोन या बांधकाम व्यावसायिकाने मोठ्या जागा घेऊन त्यांवर लहान हानोक बांधले आणि ते कोरियन कुटुंबांना विकले. जपानी वस्ती शहरात पसरत असताना त्यामुळे हा भाग कोरियन लोकांच्या हातात राहिला.

याच माणसाने कोरियन भाषा संस्थेला इमारत दिली. शाळांतून कोरियन भाषा हद्दपार होत असताना ही संस्था शब्दकोश तयार करत होती. १९४२ मध्ये संस्थेच्या लोकांची धरपकड झाली, त्यात चोंगही होते. जप्त झालेलं हस्तलिखित १९४५ मध्ये सोल स्टेशनच्या गोदामात सापडलं आणि १९४७ मध्ये कोशाचा पहिला खंड निघाला. भाषेसाठी झगडणं म्हणजे काय, हे आपल्या सीमाभागाला वेगळं सांगायला नको.

आज त्याच गल्ल्यांतले रहिवासी पर्यटकांच्या गोंगाटाने वैतागलेत. म्हणून सर्वांत गर्दीच्या भागात सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढ्याच वेळात फिरता येतं. वेळ मोडली तर एक लाख वॉन, म्हणजे साधारण सहा हजार रुपये दंड. आवाज कमी ठेवा, कुणाच्या दारात डोकावू नका.

घर आतून पाहायचंच असेल तर हानोकमध्ये एक रात्र मुक्काम करा. ओंदोल म्हणजे जमिनीखालून येणारी ऊब. तिच्यामुळेच तिथे चपला बाहेर काढून खाली बसायची, खालीच अंथरूण घालायची रीत पडली. आपल्या माणसांना त्यात काही परकं वाटणार नाही.

शाकाहारींनी काय खावं?

इथे जपून. भाजीची दिसणारी किमचीही बऱ्याचदा मासळीच्या खारात मुरवलेली असते. ग्वांगजांग बाजारात मुगाच्या पिठाची धिरडी मिळतात, पण त्यात मांस आहे का ते विचारून घ्या. निर्धास्त जेवायचं तर बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण देणारं हॉटेल शोधा. त्यात मांस-मासळी नसते, कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय होते.

शेवटी थोडा वेळ चौकात

ग्वांगह्वामुन चौकात राजा सेजोंगचा पुतळा आहे. सामान्य माणसाला लिहिता-वाचता यावं म्हणून त्याने १४४३ मध्ये हांगुल ही लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली. जाण्याआधी तिची अक्षरं गिरवून बघा. चार दिवसांत दुकानांच्या पाट्या अडखळत का होईना वाचता येऊ लागतात. पाटी आपली आपण वाचली की परकं शहर जरा जवळचं वाटतं.