विनाचालक गाडी आणि स्मार्ट रस्ते: पाच गैरसमज

विनाचालक गाडीची बातमी आली की दोनच सूर ऐकू येतात. एक, ‘आता ड्रायव्हरची गरज संपली’ आणि दुसरा, ‘आपल्याकडे हे कधीच जमणार नाही’. या विषयात पीएचडी करणारे संशोधक मात्र वेगळ्याच प्रश्नांशी झगडत असतात: यंत्रावर विश्वास ठेवायचा तो कुठे, किती आणि कोणत्या पुराव्यावर?

गैरसमज १: या विषयातली पीएचडी म्हणजे विनाचालक गाडी बनवणं.

वस्तुस्थिती: अख्खी गाडी हे मोठ्या चमूचं काम असतं. प्रबंध उभा राहतो तो एखाद्या नेमक्या अडचणीवर. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पोमरलो यांनी १९९२मध्ये पूर्ण केलेला प्रबंध पाहा. त्यांची ‘ॲल्विन’ ही प्रणाली माणूस गाडी कशी चालवतो ते पाहून स्टिअरिंग शिकायची. तिला मिळणारं कॅमेऱ्याचं चित्र होतं अवघ्या ३० बाय ३२ ठिपक्यांचं. पण चांगला ड्रायव्हर गाडी आपल्या लेनमध्येच ठेवतो. मग भरकटलेली गाडी परत मार्गावर कशी आणायची, हे यंत्राने शिकायचं कुठून? पोमरलो यांनी तीच चित्रं संगणकावर डावी-उजवीकडे सरकवली आणि भरकटल्याचे नमुने तयार करून प्रत्येकाला योग्य वळण जोडून दिलं. १९९५मध्ये पिट्सबर्ग ते सॅन डिएगो या प्रवासात त्यांनी आणि टॉड जोकेम यांनी सुमारे ९८ टक्के अंतर स्टिअरिंग संगणकाच्या हवाली केलं. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर मात्र माणसाकडेच होते.

गैरसमज २: स्टिअरिंग आणि ब्रेक गाडीच सांभाळते, म्हणजे ती विनाचालक झाली.

वस्तुस्थिती: एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने स्वयंचलनाचे ० ते ५ असे सहा स्तर ठरवले आहेत. दुसऱ्या स्तरावर स्टिअरिंग आणि वेग दोन्ही गाडी सांभाळते, पण रस्त्यावर नजर ठेवायची जबाबदारी पूर्णपणे माणसाची. टेस्लाचा ऑटोपायलट याच स्तरात मोडतो. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात ड्रायव्हरशिवाय धावणाऱ्या वेमो कंपनीच्या टॅक्सी चौथ्या स्तरावरच्या, म्हणजे आखून दिलेल्या भागापुरत्या. कुठेही, कोणत्याही हवामानात चालेल अशी पाचव्या स्तरावरची गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही.

गैरसमज ३: स्वयंचलित गाड्या आल्या की वाहतूक कोंडी आपोआप सुटेल.

वस्तुस्थिती: कोंडीला अपघात किंवा अरुंद पूल लागतोच असं नाही. युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये २३० मीटरच्या वर्तुळाकार मार्गावर २२ गाड्या सारख्या वेगाने चालवायला लावल्या. एकाने किंचित वेग कमी केला, मागच्याने थोडा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त. बघता बघता काही गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि कोंडीची लाट मागे सरकू लागली. हा प्रयोग २००८मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकी संशोधकांनी अंतर राखणारी क्रूझ कंट्रोल असलेल्या २०१८च्या सात मॉडेलांची चाचणी घेतली. सातही मॉडेलांत पुढच्या गाडीच्या वेगातला चढउतार मागे जाताना वाढतच गेला. याउलट, ॲरिझोनातल्या अशाच वर्तुळाकार प्रयोगात वीसेक गाड्यांमधल्या एकाच गाडीचा वेग जाणीवपूर्वक नियंत्रित केला, तेव्हा ही लाट विरली. म्हणजे कोंडी सुटणार की वाढणार, हे गाडीला घालून दिलेल्या नियमांवर ठरतं. हेच नियम शोधणं आणि गणिताने पडताळणं, यावर अनेक प्रबंध लिहिले जातात.

गैरसमज ४: कनेक्टेड गाडी म्हणजे इंटरनेट असलेली गाडी आणि स्मार्ट रस्ता म्हणजे कॅमेरे लावलेला रस्ता.

वस्तुस्थिती: इथे संवाद थेट होतो. अमेरिकी मानकानुसार गाडी सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं स्थान, वेग, दिशा आणि ब्रेकची स्थिती आसपासच्या गाड्यांना कळवते. त्यात मालकाचं नाव किंवा नंबरप्लेट नसते, ओळखही तात्पुरती आणि बदलती असते. चौकातला सिग्नल कोणता दिवा लागलाय आणि तो कधी बदलेल, हे गाडीला सांगतो. पण गर्दीप्रमाणे वेळ बदलणाऱ्या सिग्नलला स्वतःचीच पुढची वेळ ठाम सांगता येत नाही. तो अंदाज किती खात्रीचा आणि आलेला संदेश खोटा तर नाही, हे संशोधनाचे खरे प्रश्न आहेत.

गैरसमज ५: लाखो किलोमीटर विनाअपघात चालली, म्हणजे सुरक्षितता सिद्ध झाली.

वस्तुस्थिती: रँड या संस्थेने २०१६मध्ये हिशेब मांडला. प्राणघातक अपघातांच्या बाबतीत यंत्र माणसाच्या बरोबरीचं आहे, हे ९५ टक्के खात्रीने म्हणायचं तर सुमारे ४४ कोटी किलोमीटर एकही बळी न जाता पार करावे लागतील. शंभर गाड्या अहोरात्र पळवल्या तरी साडेबारा वर्षं लागतील. म्हणून मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३मध्ये चाचणीतला निर्धोक, घटनाशून्य भाग गाळून धोक्याच्या क्षणांवर भर देणारी पद्धत मांडली. तिच्यामुळे चाचणीचा वेग हजार ते लाख पटींनी वाढतो.

‘आपल्याकडे जमणार नाही’ या सुरालाही उत्तर संशोधनातूनच मिळतं. ट्रिपल आयटी हैदराबादच्या ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’मध्ये भारतीय रस्त्यांची १०,००० चित्रं ३४ वर्गांत बारकाईने खुणावलेली आहेत. त्यात रिक्षा आहे, जनावरं आहेत आणि डांबराच्या कडेची, वेळप्रसंगी गाडी उतरवता येईल अशी मातीची पट्टीही आहे. गाडीने आपला रस्ता आहे तसा ओळखायला शिकावं, याची ही सुरुवात आहे. तेव्हा पुढची घोषणा ऐकताना तीन गोष्टी जरूर विचाराव्यात: स्तर कोणता, कोणत्या रस्त्यांवर आणि धोक्याच्या प्रसंगांत चाचणी झाली का? याची उत्तरं मागणं हा रस्त्यावरून चालणाऱ्या, सायकल आणि रिक्षा चालवणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे.