आभासी विश्वांमधील दुवे : मार्गाचा नव्हे, ओळखीचा प्रश्न

प्रस्तावना :
संकेतस्थळावरील दुव्यावर टिचकी मारली की एक पान जाऊन दुसरे समोर येते. वाचक आपल्या जागीच असतो. सामायिक आभासी विश्वात मात्र वापरकर्ता 'अवतार' धारण करून वावरतो. त्याला देह, नाव, वेशभूषा आणि वस्तूंचा संग्रह असतो. त्यामुळे अशी दोन विश्वे जोडताना प्रवाशाची ओळख व त्याचे सामानही पलीकडे न्यावे लागते. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

एकाच विश्वातील मार्गक्रमण :
२००३ मध्ये खुल्या झालेल्या 'सेकंड लाइफ'मधील भूमी प्रत्येकी २५६ मीटर बाजू असलेल्या चौरस प्रदेशांत विभागलेली आहे. प्रदेशाचे नाव आणि तीन सहनिर्देशक यांवरून कोणतेही स्थळ निश्चित होते. हा पत्ता दुव्याच्या रूपाने दुसऱ्यास पाठविता येतो आणि 'टेलिपोर्ट' सुविधेने तेथे त्वरित पोहोचता येते. ओळख व संग्रह यांच्या नोंदी एकाच कंपनीकडे असल्याने हा प्रवास सुकर होतो.

सीमा ओलांडताना :
जुलै २००८ मध्ये लिंडन लॅब व आयबीएम यांनी सेकंड लाइफच्या चाचणी-विश्वातून 'ओपनसिम्युलेटर' या मुक्तस्रोत प्रणालीवर चालणाऱ्या विश्वात अवतार पाठविल्याचे जाहीर केले. अवतार पोहोचला, त्याची वेशभूषा व वस्तू मात्र मागेच राहिल्या.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील प्राध्यापिका क्रिस्टा लोपेस यांनी विकसित केलेल्या 'हायपरग्रिड' योजनेने यावर वेगळा उपाय शोधला. तीत प्रत्येक विश्व स्वतंत्र राहते. पाहुण्याची ओळख त्याच्या मूळ विश्वाचा सर्व्हर पटवून देतो आणि लागणाऱ्या वस्तू तेथूनच मागविल्या जातात. परंतु यजमान सर्व्हर अप्रामाणिक असल्यास पाहुण्याचा सारा संग्रह धोक्यात येऊ शकतो. म्हणून पुढील आवृत्तीत 'माय सूटकेस' हा कप्पा आला. परक्या विश्वात जाताना या कप्प्यातील वस्तूच खुल्या राहतात.

समारोप :
मार्च २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टचे 'ऑल्टस्पेस व्हीआर' बंद झाले आणि तेथे जमलेल्या मित्रमंडळींना भेटीचे नवे ठिकाण शोधावे लागले. ओळख व निर्मिती एकाच मालकाच्या सर्व्हरवर अवलंबून असेल, तर त्याच्या निर्णयासरशी ती संपू शकते. दुवे हा यावरील एक उपाय आहे. मात्र प्रवाशाच्या ओळखीची हमी कोणी द्यावी आणि त्याच्या सामानाचे रक्षण कोणी करावे, हे आधी ठरले पाहिजे. तंत्रज्ञान वाट बांधून देते. त्या वाटेवरील विश्वास नियमांनी व परस्पर करारांनीच निर्माण करावा लागतो.