अरण्याचा जमाखर्च : सुंदरबनातील एक मोजमाप

अरण्यांना ‘पृथ्वीची फुप्फुसे’ म्हणण्याची रीत आपल्या भाषांतील लेखनात रूढ झाली आहे. ही प्रतिमा मनोहर असली, तरी वस्तुस्थितीच्या उलट जाते. फुप्फुसे प्राणवायू घेतात व कार्बन डायऑक्साइड सोडतात; अरण्य दिवसा नेमके याच्या विरुद्ध करते. कोलकात्याच्या दक्षिणेस पसरलेल्या सुंदरबनात जे मोजमाप झाले, त्यावरून अरण्य व वातावरण यांच्या संबंधासाठी एक अधिक नेमका शब्द सुचतो. तो म्हणजे जमाखर्च.

मोजमापाची पद्धती प्रथम पाहू. झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा वारा एकसंध नसतो. त्यात लहानमोठे भोवरे असतात आणि हवा सतत वरखाली होत असते. शेंड्यांहून उंच मनोऱ्यावरील एक उपकरण ध्वनिलहरींच्या साहाय्याने ही गती दर सेकंदास अनेक वेळा नोंदविते. शेजारचे दुसरे उपकरण त्याच क्षणी हवेतील कार्बन डायऑक्साइड व बाष्प मोजते. खाली येणाऱ्या हवेत कार्बन अधिक व वर जाणाऱ्या हवेत कमी आढळला, तर मधला फरक वनाने ठेवून घेतला, असे ठरते. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अशा नोंदींतून वर्षाचा ताळेबंद तयार होतो. सूर्यापासून मिळालेली ऊर्जाही अशीच मोजली जाते : तिचा काही भाग हवा तापविण्यात, तर काही पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. त्यामुळे पाण्याची नोंद ऊर्जेच्या खात्यातही पडते.

सुंदरबनाच्या भारतीय भागात असा मनोरा एप्रिल २०१२ मध्ये उभारण्यात आला. मार्च २०१३ पर्यंतच्या वर्षात तेथील खारफुटीने दर चौरस मीटरमागे १,२७१ ग्रॅम कार्बन प्रकाशसंश्लेषणाने घेतला आणि वनस्पती व माती यांच्या श्वसनातून १,०२२ ग्रॅम परत गेला. शिल्लक राहिली २४९ ग्रॅमची. बाष्परूपाने गेलेले पाणी सरासरीने रोज सुमारे २ मिलिमीटर भरले.

येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे, की शिल्लक ही दोन मोठ्या रकमांतील लहानशी वजाबाकी आहे. जमा तेवढीच राहून श्वसन चतुर्थांशाने वाढले, तर काहीच उरणार नाही. शिवाय रात्री वारा पडला असता शेंड्यांखाली साचलेला वायू मनोऱ्यास पुरता कळत नाही. आणि पाण्यात विरघळलेला जो कार्बन ओहोटीबरोबर समुद्रास मिळतो, तो मनोऱ्याच्या नोंदीत येतच नाही. म्हणून २४९ ग्रॅम म्हणजे चिखलात कायमची पडलेली ठेव नव्हे.

जगदीशचंद्र बसू यांनी ‘अव्यक्त’ (१९२१) या बंगाली निबंधसंग्रहात वनस्पतींच्या मूक जीवनाविषयी लिहिले. मोजणी करणारा हात वाङ्मयही लिहू शकतो, याचे ते उदाहरण होय. अरण्यासाठी आपण कोणती प्रतिमा योजतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ अलंकाराचा नाही. फुप्फुसांच्या प्रतिमेत अरण्याचे देणे गृहीत धरले जाते. जमाखर्चाच्या प्रतिमेत शिल्लक संपण्याची शक्यताही सांगितली जाते.