ओगोवे नदीच्या कांठचें इस्पितळ

एखादी इमारत पाहतांना आपण तिच्या कमानी व नक्षी पाहतों. ती तशीच कां बांधली, हें क्वचितच विचारतों. आफ्रिकेंतील गॅबन देशांत लांबारेने येथें डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर (१८७५–१९६५) यांनीं उभारलेलें इस्पितळ या प्रश्नाचा उत्तम धडा देतें. त्यांत शोभेचें असें कांहींच नव्हतें. परंतु प्रत्येक गोष्टीस कारण होतें.

१९१३ सालीं श्वाइट्झर व त्यांच्या पत्नी हेलेन तेथील मिशनच्या ठाण्यावर पोहोंचले, तेव्हां दवाखान्यास जागाच नव्हती. कोंबड्यांचें एक जुनें खुराडें पांढरें करून घेऊन त्यांत त्यांनीं रोगी तपासण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं पन्हळी पत्र्याचें छोटें घर तयार झालें. त्याच्या मोठ्या खिडक्या थेट छपरापर्यंत नेल्या होत्या. तापलेली हवा वर चढते, ती तेथें न कोंडतां बाहेर निघून जाई. खिडक्यांना कांचा नव्हत्या, बारीक तारेची जाळी होती. कारण डांस आला कीं हिवताप आला. रोग्यांच्या खाटा रानांतल्या लांकडांच्या, वेलींनीं बांधलेल्या असत. त्या मुद्दाम उंच केल्या होत्या; खालीं रोग्याचें गांठोडें, भांडीं व केळीं राहत.

१९२५ सालीं हगवणीची सांथ आली. संसर्गी रोगी निराळे ठेवण्यास जागा उरली नाहीं. तेव्हां नदीच्या वरच्या अंगास सुमारें ३ किलोमीटरांवर नवें इस्पितळ बांधण्यास घेतलें, आणि १९२७ च्या जानेवारींत रोगी तेथें नेले.

या नव्या इमारती लांबट व अरुंद असून पूर्व-पश्चिम मांडलेल्या होत्या. लांबारेने विषुववृत्ताच्या अगदीं जवळ आहे. तेथें सकाळ-संध्याकाळचें तिरपें ऊन केवळ दोन अरुंद टोकांवर पडतें, दुपारचें छपरावर पडतें, आणि लांब भिंती पुढें आलेल्या छपराच्या सावलींत राहतात. इमारती कठीण लांकडाच्या खांबांवर उभ्या केल्या. त्यामुळें नदीचा पूर किंवा टेकडीवरून धांवणारें पावसाचें पाणी खालून निघून जाई.

रोगी एकटा येत नसे. होडींतून दूरचा प्रवास करून आप्तही बरोबर येत, तेथेंच राहत आणि चूल मांडून स्वयंपाक करीत. हें पाहून कित्येक पाहुण्यांनीं नाकें मुरडलीं. स्वच्छतेविषयींचा त्यांचा आक्षेप अगदींच खोटा नव्हता. परंतु आप्तांना दाराबाहेर ठेविलें असतें, तर भ्यालेला रोगी कदाचित् आलाच नसता. आणि जेथें रोगी येत नाहीं, तें इस्पितळ कितीही चकचकीत असलें तरी काय कामाचें?

१९८१ सालीं शेजारीं नवें इस्पितळ उघडलें. जुन्या इमारती आतां संग्रहालय म्हणून जतन केल्या आहेत. त्यांची नक्कल आपण करावी असें नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे बराच कलतो. तेथील आंखणी येथें जशीच्या तशी चालणार नाहीं. उचलावयाचा आहे तो प्रश्न. पालकांनीं घर बांधतांना व मुलांनीं घराचें चित्र काढतांना आधीं विचारावें : ऊन कोठून येईल, पाणी कोठें जाईल, आणि या छपराखालीं कोण निजणार आहे?