४८ टीमचा वर्ल्ड कप झाला, तरी भारत बाहेरच. फुटबॉलमधलं हे क्वालिफिकेशनचं गणित नेमकं चालतं कसं?

११ जून २०२४. ठिकाण दोहाचं जसीम बिन हमाद स्टेडियम. समोर आशियाचा चॅम्पियन कतार आणि स्कोअर होता भारत १, कतार ०. लालियनझुआला छांगटेने ३७ व्या मिनिटाला गोल केला होता. ७० मिनिटं उलटून गेली तरी भारत पुढेच होता.

आणि मग ७३ व्या मिनिटाला तो गोल झाला. कतारच्या युसूफ अयमनचा हेडर गोलकीपर गुरप्रीतसिंग संधूने अडवला, बॉल सरकत गोललाइनच्या बाहेर गेला, भारतीय खेळाडू थांबले. तेवढ्यात कतारच्या एका खेळाडूने पायाने बॉल आत ओढला आणि अयमनने तो जाळ्यात टाकला. रेफ्रीने गोल दिला. रिप्लेमध्ये बॉल बाहेर गेलेला स्पष्ट दिसत होता, पण तपासायला व्हीएआर नव्हतं. पुढे ८५ व्या मिनिटाला कतारने दुसरा गोल केला, मॅच २-१ ने गेली आणि भारताची २०२६ च्या वर्ल्ड कपची वाट तिथेच संपली.

सोशल मीडियावर त्या रात्री 'आपल्याला लुटलं' हाच सूर होता. राग चुकीचा नव्हता. पण त्या एका गोलमुळे भारत बाहेर गेला का? हे समजून घ्यायचं तर आधी टीम वर्ल्ड कपपर्यंत पोहोचतात कशा, हे बघावं लागतं.

जगातल्या बेस्ट ४८ टीम? अजिबात नाही

अनेकांना वाटतं की फिफाच्या क्रमवारीतल्या वरच्या टीम उचलायच्या आणि वर्ल्ड कप खेळवायचा. प्रत्यक्षात फिफाचे २११ सदस्य सहा खंडीय संघटनांमध्ये वाटलेत आणि प्रत्येक खंडाला जागांचा कोटा ठरलेला आहे. मेडिकलच्या ॲडमिशनसारखंच म्हणा ना. राज्याच्या कोट्यात महाराष्ट्रातल्या मुलाची चुरस महाराष्ट्रातल्याच मुलांशी असते, केरळच्या मेरिट लिस्टशी त्याला देणंघेणं नसतं.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यजमान असलेल्या २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी टीमची संख्या ३२ वरून ४८ झाली. युरोपला १६ जागा, आफ्रिकेला ९, आशियाला ८, दक्षिण अमेरिकेला ६. उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन यांना मिळून तीन यजमान धरून ६, तर ओशनियाला १. या झाल्या ४६. उरलेल्या दोन जागांसाठी वेगवेगळ्या खंडांतल्या सहा टीमचा प्ले-ऑफ.

कोट्यामुळे गमती होतात. चार वेळा वर्ल्ड कप जिंकलेली इटली २०१८ ला आणि २०२२ ला घरी बसली. २०२२ च्या वेळी तर पालेर्मोत, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, नॉर्थ मॅसिडोनियाने त्यांना १-० ने घरी पाठवलं. दुसरीकडे ओशनियाला पहिल्यांदाच हक्काची एक जागा मिळाली आणि न्यूझीलंडने फायनलमध्ये न्यू कॅलेडोनियाला हरवून ती घेतली. जेमतेम दीड लाख वस्तीचा कुरासाओ नावाचा कॅरिबियन देशही २०२६ साठी पात्र ठरला. लोकसंख्येच्या हिशेबाने वर्ल्ड कपला पात्र ठरलेला हा आजवरचा सगळ्यात छोटा देश. आपल्याकडे एखाद्या मध्यम शहराची वस्ती याहून जास्त असते.

म्हणजे जागा किती वाढल्या यापेक्षा तुमच्या खंडात किती वाढल्या, हे महत्त्वाचं. आशियाच्या जागा जवळपास दुप्पट झाल्या होत्या. म्हणूनच भारतात या वेळी आशा होती.

दक्षिण अमेरिकेत सोपं, आशियात गुंतागुंतीचं

प्रत्येक खंड आपली पद्धत स्वतः ठरवतो. दक्षिण अमेरिकेचं सगळ्यात सरळ. दहा देश, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळायचं, अठरा मॅच झाल्या की पहिले सहा थेट आत, सातवा प्ले-ऑफला. लपायला जागाच नाही.

आशियात मात्र पाच फेऱ्या. पहिल्या फेरीत फक्त तळाच्या २० टीम खेळतात, त्यातल्या १० पुढे जातात. वरच्या २६ टीमना ही फेरी माफ. दुसऱ्या फेरीत ३६ टीमचे चार-चारचे नऊ ग्रुप होतात आणि प्रत्येक ग्रुपमधल्या पहिल्या दोन टीम पुढे जातात. तिसऱ्या फेरीत या १८ टीमचे सहा-सहाचे तीन ग्रुप. त्यातल्या पहिल्या दोन थेट वर्ल्ड कपला, म्हणजे सहा जागा भरल्या. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या टीमना चौथ्या फेरीत अजून दोन जागा. तिथेही थोडक्यात हुकलं तर पाचवी फेरी आणि मग तो खंडांमधला प्ले-ऑफ.

चौथ्या फेरीची गंमत सांगण्यासारखी आहे. सहा टीम, तीन-तीनचे दोन ग्रुप आणि सगळ्या मॅच एकाच देशात. एका ग्रुपचं यजमानपद मिळालं कतारला, दुसऱ्याचं सौदी अरेबियाला, आणि हे दोघंही त्या सहांमध्ये होते. बाकीच्यांनी नाकं मुरडली. शेवटी वर्ल्ड कपला गेले कोण? कतार आणि सौदी.

पण भारताचा संबंध येतो तो दुसऱ्या फेरीशी.

क्रमवारी फुकटची नसते

फिफाची क्रमवारी म्हणजे मिरवण्याचा आकडा, असं आपल्याला वाटतं. खरं तर ग्रुप पाडताना सगळा खेळ तिच्यावर असतो. टीम क्रमवारीप्रमाणे चार पॉटमध्ये टाकतात आणि प्रत्येक पॉटमधून एक चिठ्ठी काढून ग्रुप बनतो. तुम्ही दुसऱ्या पॉटमध्ये असाल तर तुमच्या ग्रुपमध्ये कागदावर तुमच्यापेक्षा भारी अशी एकच टीम येते. तिसऱ्या पॉटमध्ये असाल तर दोन. आणि पुढे जाणार दोनच.

२०२३ चा उन्हाळा भारतासाठी भन्नाट गेला होता. जूनमध्ये भुवनेश्वरला लेबनॉनला हरवून इंटरकॉन्टिनेंटल कप, जुलैच्या सुरुवातीला बंगळुरूत कुवेतला पेनल्टीवर हरवून सॅफ चॅम्पियनशिप. जुलैच्या क्रमवारीत भारत ९९ व्या नंबरवर आला आणि आशियात १८ व्या. दुसऱ्या पॉटमध्ये जागा होत्या नऊ, म्हणजे दहावा ते अठरावा. भारत त्यातला शेवटचा! काही दिवसांनी ड्रॉ निघाला आणि ग्रुप मिळाला कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान. याहून बरा ग्रुप मागून मिळाला नसता.

आता ही क्रमवारी बनते कशी? २०१८ पासून फिफा बुद्धिबळातल्या रेटिंगसारखी पद्धत वापरते. आपल्यापेक्षा तगड्या टीमला हरवलं की पॉइंट भरपूर, कमजोर टीमला हरवलं की थोडे, आणि कमजोर टीमकडून हरलात की सणसणीत कात्री. शिवाय मॅचचं वजन वेगवेगळं. ठरलेल्या काळात खेळलेल्या मैत्रीपूर्ण मॅचला १०, पात्रता फेरीच्या मॅचला २५, वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनलपासून पुढे ६०. म्हणजे पात्रता फेरीत एका दुबळ्या टीमकडून हरणं दुहेरी महागात पडतं. ग्रुपचे पॉइंट जातात ते वेगळेच.

भारताने नेमकं तेच केलं.

खरी मॅच गुवाहाटीत हरली

सुरुवात झकास होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये मनवीर सिंगच्या गोलवर भारताने कुवेतला कुवेतमध्येच १-० ने हरवलं. मग भुवनेश्वरला कतारकडून ०-३. ते अपेक्षितच होतं. मार्च २०२४ मध्ये अफगाणिस्तानशी लागोपाठ दोन मॅच होत्या. त्या वेळी भारत ११७ व्या नंबरवर होता आणि अफगाणिस्तान १५८ व्या. या अफगाण टीमला स्वतःच्या देशात होम मॅच खेळवता येत नाही, त्यामुळे त्यांची 'होम' मॅच झाली सौदीतल्या आभा शहरात. तिथे ०-०.

२६ मार्चला परतीची मॅच गुवाहाटीत. सुनील छेत्रीची ही १५० वी आंतरराष्ट्रीय मॅच. त्याने ३८ व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला. सगळं स्क्रिप्टप्रमाणे चाललं होतं. मग ७० व्या मिनिटाला बरोबरी आणि ८८ व्या मिनिटाला पेनल्टीवर अफगाणिस्तानचा दुसरा गोल. १-२. स्वतःच्या मैदानावर. जूनमध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध छेत्रीच्या निरोपाच्या मॅचमध्ये सॉल्ट लेक भरलं होतं, रडारड झाली, पण गोल काही झाला नाही. ०-०.

आता ग्रुपचं फायनल टेबल बघा. कतार १६, कुवेत ७, भारत ५, अफगाणिस्तान ५. दोन पॉइंटने हुकलं.

विजयाला तीन पॉइंट, बरोबरीला एक. दोहाची मॅच १-१ सुटली असती तर भारताचे झाले असते ६. कुवेतने त्याच दिवशी अफगाणिस्तानला १-० ने हरवून ७ केले होते. म्हणजे तो वादग्रस्त गोल झाल्यावर बरोबरी टिकवूनही भारत बाहेरच गेला असता. आत जायला दोहात जिंकणंच भाग होतं.

याउलट गुवाहाटीची ती १-० ची आघाडी टिकवली असती तर भारताचे झाले असते ८. मग दोहात हरूनसुद्धा भारत कुवेतच्या पुढे राहिला असता. किंवा कोलकात्यात कुवेतला हरवलं असतं तर भारत ७ आणि कुवेत ६. तरीही आत. आभाची बरोबरी जिंकण्यात बदलली असती तर? तेव्हा दोघंही ७ वर थांबले असते आणि मामला गेला असता गोल फरकावर, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल. कुवेतने अफगाणिस्तानला ४-० ने धुतलं होतं. भारताने सहा मॅचमध्ये मिळून केलेले गोल होते तीन. तिथेही कुवेतच पुढे.

रेफ्रीने अन्याय केला, हे खरंच. दुसऱ्या फेरीत व्हीएआर नसणं हेही चूक. आशियात ते तिसऱ्या फेरीपासून वापरलं गेलं. पण शेवटच्या मॅचला आशियाच्या चॅम्पियनला त्याच्या घरात हरवण्याची वेळ भारताने स्वतःवर ओढवून घेतली होती.

एक दार बंद, दुसरंही बंद

या पद्धतीतला सगळ्यात त्रासदायक भाग फारसा बोलला जात नाही. आशियात वर्ल्ड कपची दुसरी फेरी आणि एशियन कपची पात्रता एकमेकांना जोडलेली आहे. पुढे गेलेल्या १८ टीमना वर्ल्ड कपच्या पुढच्या फेरीबरोबर २०२७ च्या एशियन कपचं तिकीटही मिळालं. भारत हरला तेव्हा एका संध्याकाळी दोन्ही गेलं.

एशियन कपच्या २४ पैकी सहा जागा उरल्या होत्या. त्यासाठी चार-चार टीमचे सहा ग्रुप आणि प्रत्येकातून फक्त एकच टीम पात्र. दुसरा आला तरी उपयोग शून्य. भारतासोबत होते बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर. निवृत्त झालेला छेत्री परत आला. शिलाँगला बांगलादेशाशी ०-०, हाँगकाँगमध्ये ०-१, सिंगापूरमध्ये १-१.

१४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सिंगापूर आलं. इथेही छांगटेने १४ व्या मिनिटाला गोल केला आणि इथेही आघाडी टिकली नाही. सिंगापूरच्या सोंग उई-यंगने दोन गोल मारले. भारताच्या दोन मॅच बाकी होत्या, तरी खेळ खल्लास. कारण चार मॅचमध्ये भारताचे पॉइंट होते दोन, उरलेल्या दोन्ही जिंकल्या तर जास्तीत जास्त आठ. सिंगापूर आणि हाँगकाँग दोघंही आधीच आठवर होते आणि त्यांची एकमेकांशी एक मॅच बाकी होती. त्यात कुणीही जिंको किंवा बरोबरी होवो, कुणीतरी आठच्या वर जाणारच होतं.

पुढच्या महिन्यात ढाक्यात बांगलादेशानेही १-० ने हरवलं. बांगलादेशाचा भारतावरचा हा २२ वर्षांतला पहिला विजय. बांगलादेशाकडे हमझा चौधरीसारखा इंग्लंडमध्ये वाढलेला खेळाडू आहे, कुरासाओच्या टीममधले बहुतेक जण नेदरलँड्समध्ये जन्मलेत. फिफाच्या नियमात हे बसतं, कारण फिफा जन्म कुठे झाला यापेक्षा नागरिकत्व आणि आई-वडील, आजी-आजोबांचं नातं बघते. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूला आधी तो पासपोर्ट सोडावा लागतो.

आणि हो, 'भारत १९५० च्या वर्ल्ड कपला पात्र झाला होता' हे तुम्ही ऐकलं असेल. झाला होता, पण एकही मॅच न खेळता. ग्रुपमधल्या बाकीच्या टीमनी माघार घेतली म्हणून. भारत ब्राझीलला गेलाच नाही. पात्रता फेरीच्या मॅच भारत खेळू लागला तो १९८६ च्या वर्ल्ड कपसाठी. तेव्हापासून एकदाही पार पडलेला नाही.

ढाक्याच्या पराभवानंतर आलेल्या क्रमवारीत भारत १४२ वा होता. ९९ वरून इथवर यायला अडीच वर्षंही लागली नाहीत. पुढच्या वर्ल्ड कपच्या पात्रतेचा ड्रॉ निघेल तेव्हा पॉट पुन्हा क्रमवारीवरच ठरतील, आणि २०२६ सारखीच रचना राहिली तर आशियातल्या पहिल्या २६ च्या खाली असणाऱ्यांना पहिल्या फेरीपासून खेळावं लागेल.