अंध प्रवाशाचा वाटाड्या

अंध मनुष्य एकटा रस्त्याने चालू लागला, की त्याच्यापुढे दोन निरनिराळे प्रश्न उभे राहतात. पुढल्या पावलाखाली काय आहे, हा एक. आणि आपण या क्षणी नेमके कोठे आहोत, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पांढरी काठी देते. दुसऱ्यासाठी त्याने आजवर पावले मोजली, वळणे पाठ केली, पिठाच्या गिरणीचा आवाज ओळखून ठेवला, आणि हे सारे फसले म्हणजे कोणाला तरी विचारले. बोलणारे जी. पी. एस. यंत्र या दुसऱ्याच प्रश्नासाठी आहे. ते काठीची जागा घेईल अशा समजुतीने जो ते विकत घेईल, तो धोका पत्करील.

सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांना किती वेळ लागला, यावरून हे यंत्र आपले स्थान काढते. त्यासाठी निदान चार उपग्रहांचे संदेश मिळावे लागतात. 2000 सालच्या मे महिन्याच्या आरंभापर्यंत अमेरिकेचे सरकार नागरी वापराच्या संदेशांत जाणूनबुजून चूक मिसळीत असे, आणि ती शंभर मीटरांपर्यंत जाई. पायी चालणाऱ्याला शंभर मीटर म्हणजे निराळी गल्लीच! आता मोकळ्या आकाशाखाली चूक साधारणपणे पाच मीटरांच्या आसपास असते. उंच इमारतींमध्ये ती वाढते. म्हणजे यंत्राने 'पोहोचलात' म्हटले, तरी दार रस्त्याच्या पलीकडे असू शकते. ते शेवटचे अंतर काठीनेच कापायचे.

मग निवड कशी करावी? एक हात काठीने अडकलेला असतो. तेव्हा उरलेल्या हाताच्या अंगठ्याला चाचपून कळतील अशा कळा असणे ही चैन नव्हे. स्मार्टफोनही बोलतो आणि तो पुष्कळांजवळ असतोच. परंतु त्याची गुळगुळीत काच पावसात आणि गर्दीत फार सतावते. त्याहून महत्त्वाचे कान. वाहन कोणत्या बाजूने येत आहे हे अंध माणूस कानांनी पाहतो. ते बुजविणारे साधन कितीही गोड बोलले, तरी घेऊ नये. कान मोकळे ठेवून हाडांवाटे ध्वनी पोहोचविणारे श्रवणयंत्र पाहावे.

नकाशा यंत्रातच साठवलेला आहे की दूरच्या सेवेवर अवलंबून आहे, हेही विचारावे. मायक्रोसॉफ्टचे 'साउंडस्केप' 2018 साली आले आणि 2023 मध्ये कंपनीने ते बंद केले. त्याची संगणकीय संहिता खुली केल्यामुळे इतरांना ते काम पुढे नेता आले, हे भाग्य. आपल्या देशात तर घराचा क्रमांक सांगून कोण पोहोचते? 'मारुतीच्या देवळामागे, रसवंतीच्या शेजारी' हाच पत्ता. म्हणून 'व्हिक्टर रीडर ट्रेक'सारख्या यंत्रांत असते तशी, स्वतःच्या आवाजात खुणा नोंदविण्याची सोय येथे फार मोलाची ठरते.

दुकानातल्या खुर्चीत बसून यातले काहीच कळत नाही. यंत्र चार दिवस मागून घ्यावे आणि पूर्ण परिचयाच्या वाटेवर, रोजच्या बसथांब्यापासून घरापर्यंत, गर्दीच्या वेळी न्यावे. ते कोठे चुकते, किती चुकते आणि चुकल्यावर किती वेळाने सावरते, हे तेथेच समजते. कारण त्या वाटेवर त्याची चूक ओळखणारा माणूस स्वतः हजर असतो.